'चौसष्ट' म्हणजे नेमके किती? : प्रतवारीची भाषा आणि जुन्या डॉलरची फेरप्रतवारी

प्रास्ताविक

यापूर्वीच्या विभागात आपण 'उंच', 'गरम', 'जुना' अशा विशेषणांचा विचार केला. या शब्दांना पक्की सीमारेषा नसते आणि कोणत्या गटाशी तुलना चालली आहे यावर त्यांचा अर्थ अवलंबून असतो, हे तिथे पाहिले. ही धूसरता व्यवहारात अडचणीची ठरते. ती घालवण्यासाठी माणसे मोजपट्टी तयार करतात आणि शब्दाच्या जागी आकडा ठेवतात. आकडा आला की अर्थ कायमचा ठरला, असे आपण गृहीत धरतो. ते गृहीत कितपत खरे आहे, हे तपासण्यासाठी या विभागात एकच उदाहरण सविस्तर घेतले आहे. ते अमेरिकेतील नाणेसंग्राहकांच्या व्यवहारातले आहे. त्यात पैसा गुंतलेला आहे, आणि ज्या चर्चेत पैसा गुंतलेला असतो तिथे शब्दांचे अर्थ फार काळजीने तपासले जातात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न असा. एका संग्राहकाकडे १८८१ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेला चांदीचा डॉलर आहे. १९८८ साली प्रतवारी करणाऱ्या एका व्यावसायिक संस्थेने तो तपासून 'एमएस-६४' अशी प्रत दिली आणि नाणे प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद केले. त्यानंतरच्या काळात प्रतवारी सैल झाली आहे, तेव्हाचा चौसष्ट आज पासष्ट ठरेल, असे त्या संग्राहकाच्या कानावर येते. पासष्टला अधिक किंमत मिळते. मग नाणे पुन्हा तपासायला पाठवावे का?

तुमच्यापैकी अनेकांनी उत्तरपत्रिकेच्या पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करावा की नाही, यावर एखादी रात्र घालवली असेल. उत्तरपत्रिका तीच, परीक्षक निराळा, शुल्क आपले. प्रश्नाचा सांगाडा साधारण तोच आहे. फरक कुठे आहे ते ओघात येईल.

नाणे आणि त्याचे डाग

या डॉलरला त्याचा रचनाकार जॉर्ज मॉर्गन याच्या नावाने 'मॉर्गन डॉलर' म्हणतात. तो १८७८ ते १९०४ या काळात आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडला गेला. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, नव्वद टक्के चांदी आणि दहा टक्के तांबे. दर्शनी बाजूला स्वातंत्र्यदेवतेचा मुखवटा, मागे पंख पसरलेला गरुड. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी सरकारवर दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडण्याचे बंधन आले. एवढी नाणी बाजाराला नको होती. त्यामुळे ती हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिली. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली त्यांतली सुमारे सत्तावीस कोटी वितळवली गेली. उरलेल्यांपैकी पुष्कळशी १९६० च्या दशकापर्यंत तशीच कोरी होती.

या इतिहासाचा प्रतवारीशी थेट संबंध आहे. जे नाणे कधी कोणाच्या हाताला लागले नाही, त्यावर झीज नसते. मात्र एका पिशवीतल्या नाण्यांचे वजन सव्वीस-सत्तावीस किलो असते. पिशवी उचलली, आपटली, ओढली की नाणी एकमेकांवर घासतात. देवतेच्या गालाचा भाग सपाट आणि उघडा असल्यामुळे तिथे एक टोचासुद्धा डोळ्यांत भरतो. म्हणून मॉर्गन डॉलरची पारख करणारा माणूस आधी गाल पाहतो. मग कानावरचे केस आणि गरुडाच्या छातीवरची पिसे पुरेशी उठली आहेत का ते पाहतो. नंतर नाणे दिव्याखाली तिरके धरून हलवतो. कोऱ्या नाण्यावरची झळाळी तेव्हा गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. झळाळी, ठशाचा उठाव, ओरखडे आणि एकंदर रूप या चार गोष्टी मिळून एकच आकडा द्यायचा असतो. अडचणीचे मूळ इथेच आहे. चार निरनिराळ्या जातींच्या गोष्टींची बेरीज कोणत्या एककात करायची?

सत्तरचा आकडा आला कुठून?

१९४९ साली विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटवरील ग्रंथात एक ते सत्तर अशी मोजपट्टी मांडली. हे शेल्डन मूळचे मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीरयष्टीचे वर्गीकरण त्यांनीच केले होते, तेव्हा वर्गीकरणाचा छंद जुनाच म्हणायचा. त्यांच्या मोजपट्टीमागील कल्पना किमतीची होती. जेमतेम ओळखू येणाऱ्या झिजलेल्या नाण्याला जर एक एकक किंमत असेल, तर त्याच जातीच्या सर्वोत्तम नाण्याला सत्तर एकके मिळावीत. म्हणजे आकडा मुळात गुणोत्तर होता, दर सांगत होता. बाजारभाव बदलले, ते गुणोत्तर काही वर्षांतच कोलमडले. आकडा मात्र टिकला आणि सेंटवरून इतर सर्व नाण्यांवर पसरला. शब्दाची व्युत्पत्ती एक आणि चालू अर्थ दुसरा, हे आपण अर्थपरिवर्तनाच्या घटकात पाहिले आहे. सत्तरच्या मोजपट्टीबाबत तेच घडले आहे. तिला शंभराऐवजी सत्तरच पायऱ्या का, याचे आजच्या वापरातून उत्तर मिळत नाही. ते तिच्या जन्मकथेतच शोधावे लागते.

आकड्यांच्या आधीपासून चालत आलेली इंग्रजी विशेषणे या मोजपट्टीला चिकटलेली आहेत, आणि भाषेच्या विद्यार्थ्याने ती जरूर पाहावीत. चार या आकड्याला 'गुड' म्हणजे 'चांगले' असे नाव आहे. प्रत्यक्षात 'गुड' नाण्यावरचा तपशील जवळजवळ पुसलेला असतो. त्याच्या खाली 'फेअर' आणि 'पुअर' अशा प्रती येतात. 'व्हेरी गुड' आठ, 'फाइन' बारा, 'व्हेरी फाइन' वीस, 'एक्स्ट्रीमली फाइन' चाळीस. विक्रेता मालाला वाईट म्हणत नाही, त्यामुळे स्तुतीचे शब्द खाली खाली घसरत गेले. मराठीत 'बरवा' या शब्दाच्या कुळातला 'बरा' पाहा. 'जेवण बरे होते' असे कोणी म्हटले, तर यजमानीण खूश होत नाही.

साठ ते सत्तर हा पट्टा 'मिंट स्टेट', म्हणजे टांकसाळीतून आल्यासारखी कोरी स्थिती. 'एमएस' ही त्याचीच आद्याक्षरे. त्याखालची अठ्ठावन्न ही प्रत किंचित झीज झालेल्या नाण्याची. गंमत अशी, की अठ्ठावन्नचे नाणे साठच्या नाण्यापेक्षा पुष्कळदा देखणे असते. साठवाले कधी वापरात गेलेले नसते, पण पिशवीत खरडून विद्रूप झालेले असते. अठ्ठावन्नवाल्याच्या उंचवट्यांवर नुसती एक पुसट झीज असते. 'अधिक आकडा म्हणजे अधिक चांगले' हे सूत्र साठच्या उंबरठ्यावर मोडते. कारण तिथे मोजपट्टीचा प्रश्नच बदलतो. उंबरठ्याखाली 'किती झिजले?' असे विचारले जाते, वर 'किती खरवडले?' असे.

शेजारी बदलले की अर्थ बदलतो

आता मुख्य मुद्दा. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या विचारात चिन्हाचे 'मूल्य' ही संकल्पना आहे. चिन्हाचा अर्थ त्याच्या पोटात साठवलेला नसतो. त्याच व्यवस्थेतील शेजारची चिन्हे त्याला किती जागा सोडतात, यावर तो ठरतो. आपल्याकडे काका आणि मामा हे दोन शब्द आहेत. इंग्रजीत दोघांची जागा एकाच शब्दाने व्यापली आहे. त्यामुळे 'काका' आणि 'अंकल' यांचा निर्देश एकाच माणसाकडे असू शकतो, मूल्य मात्र एक नसते.

हेच आकड्यांना लावून पाहा. १९७७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय नाणेसंघाने, म्हणजे एएनएने, प्रतवारीचे अधिकृत निकष प्रसिद्ध केले, तेव्हा कोऱ्या नाण्यांसाठी ६०, ६५ आणि ७० एवढ्याच पायऱ्या होत्या. पुढे ६३ आणि ६७ आल्या. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या व्यावसायिक संस्था सुरू झाल्या आणि साठ ते सत्तरमधले सर्व अकरा आकडे रूढ झाले. २०१० मध्ये या दोन्ही संस्थांनी काही आकड्यांपुढे अधिकचिन्ह देण्यास सुरुवात केली. चौसष्ट आणि पासष्ट यांच्यामध्ये 'चौसष्ट अधिक' ही नवी खोली पडली.

तेव्हा १९८८ च्या चिठ्ठीवरचा चौसष्ट आणि आजचा चौसष्ट ही एकच संख्या असली तरी ते एकच चिन्ह नाही. तेव्हाच्या चौसष्टला आज 'चौसष्ट अधिक' ठरणारी नाणीही आपल्यात सामावून घ्यावी लागत, कारण दुसरी जागाच नव्हती. ज्याला लोक 'प्रत वाढली' म्हणतात, त्यातला काही भाग निव्वळ मोजपट्टीच्या फेरआखणीचा आहे. नाण्यात काही बदलले नाही, परीक्षकही सैल झाला नाही; फक्त एक नवा शब्द जन्माला आला.

उरलेला भाग मात्र सैलपणाचाच आहे. संग्राहकांच्या बोलीत त्याला चलनवाढीच्या धर्तीवर 'ग्रेडफ्लेशन' असा जोडशब्द आहे. आपण 'प्रतफुगवटा' म्हणू. सुरुवातीच्या वर्षांत या संस्थांना विश्वास मिळवायचा होता, त्यामुळे प्रती कडक दिल्या गेल्या असे जाणकारांचे सर्वसाधारण मत आहे. पुढे सीमेवरची नाणी पुन्हा पुन्हा येत राहिली. एकदा उदार निर्णय झाला की ते नाणे त्या प्रतीचा नमुना बनते आणि पुढच्या नाण्याची तुलना त्याच्याशी होते. ग्रीक तर्कवेत्ता युबुलिडीझ याच्या नावावर असलेला ढिगाचा कूटप्रश्न आठवा. एक दाणा काढल्याने ढीग ढीगपणा गमावत नाही, हे दर वेळी मान्य केले तर शेवटी एका दाण्यालाही ढीग म्हणावे लागते. 'जवळजवळ पासष्टच आहे' असे म्हणत पासष्टची सीमा सरकते, ती याच रीतीने.

मत की मोजमाप?

तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी उक्तींचे जे वर्ग केले, त्यांत एक वर्ग निवाडा देणाऱ्या उक्तींचा आहे. न्यायाधीशाचा निकाल, पंचाचा 'बाद', परीक्षकाचे गुण आणि प्रतवारी या साऱ्या त्यांत बसतात. अशा उक्तीला पुरावा लागतो, ती चुकीची असू शकते. तरी ती उच्चारली गेली की व्यवहार तिच्यावर चालू लागतो. जे. ओ. अर्मसन यांनी १९५० साली 'माइंड' या नियतकालिकात प्रतवारीवरच एक निबंध लिहिला. त्यात सफरचंदांच्या प्रतवारीचा आधार घेऊन त्यांनी दाखवले, की प्रत देणे हे निव्वळ वर्णनही नव्हे आणि निव्वळ आवडनिवडही नव्हे. मान्य निकष असतात, ते पाळावे लागतात, आणि तरी निकषांच्या यादीवरून प्रत आपोआप निघत नाही.

मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे: तरतमभाव. संस्कृतातील 'तर' आणि 'तम' हे तुलनादर्शक प्रत्ययच इथे नाम होऊन बसले आहेत. आपल्या पूर्वीच्या व्यवहारातही नाण्याची पारख हे स्वतंत्र कौशल्य होते. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे अनेक रुपये एकाच बाजारात फिरत आणि सराफ प्रत्येकाचा कस पाहून बट्टा कापत असे. 'कसोटी', 'बट्टा लागणे', 'खणखणीत नाणे', 'वाजवून घेणे' हे आजच्या मराठीतले शब्द त्या पेढीवरून आले. प्लास्टिकच्या पेटीतले नाणे मात्र वाजवून घेता येत नाही. या पेटीला इंग्रजीत 'स्लॅब' म्हणतात. आपल्याकडे स्लॅब पडतो तो घरावर, तेव्हा मी इथे पेटी असाच शब्द ठेवतो.

पेटी उघडली की प्रतीची हमी संपते, कारण हमी पेटीतल्या नाण्याला असते. हे लक्षात ठेवून आपल्या संग्राहकापुढचे मार्ग पाहू.

तीन वाटा

पहिली वाट सर्वांत निर्धोक आहे. पीसीजीएसकडे 'पुनर्विचार' या अर्थाची एक सेवा आहे. तिच्यात नाणे पेटीतच ठेवून तपासतात. वरची प्रत योग्य वाटली तरच नवी पेटी मिळते, नाहीतर नाणे जसे होते तसे परत येते. शुल्क जाते, नाण्याची प्रत जात नाही. परीक्षकाला मात्र जुन्या, कदाचित ओरखडलेल्या प्लास्टिकमधून पाहावे लागते आणि आधीची प्रत त्याच्या डोळ्यांसमोर असते. उत्तरपत्रिकेवर पहिल्या परीक्षकाचे गुण दिसत असताना दुसऱ्याने तपासावे, तसे हे आहे. आधीच्या आकड्याचा दाब निर्णयावर पडतोच.

दुसरी वाट नाणे बाहेर काढून नव्याने तपासण्याची, आणि तिसरी त्याहून धाडसी: मालकाने स्वतःच पेटी फोडायची आणि नाणे जणू प्रथमच येत आहे अशा रीतीने पाठवायचे. इथे पूर्वीच्या आकड्याचा दाब नाही, पण आधारही नाही. प्रत खाली येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, नाणे कधीतरी धुतले, पुसले किंवा त्याच्यावरची रंगछटा कृत्रिम आहे असा निष्कर्ष निघाला, तर त्याला साधा आकडाच मिळत नाही. दोषाची नोंद करून ते परत येते. चाळीस वर्षांपूर्वी हलकी सफाई नजरेआड झाली असेल, ती आज होईलच असे नाही. शिवाय पेटी फोडताना हात घसरला तर गालावर नवा टोचा पडतो, आणि मग मागचा आकडाही इतिहासजमा.

या तिन्ही वाटांच्या अलीकडे आणखी एक पायरी आहे. जॉन अल्बानीज यांनी २००७ मध्ये सुरू केलेली सीएसी ही संस्था इतरांनी प्रत दिलेली नाणी पेटीतच तपासते. नाणे आपल्या प्रतीला भक्कम साजेसे असेल तर पेटीवर हिरवे चिकटपत्र लावते. दिलेल्या प्रतीपेक्षा सरस असेल तर सोनेरी. भाषेच्या दृष्टीने हा प्रकार मला फार लक्षणीय वाटतो. इथे नाण्याविषयी नवे विधान केलेले नाही, आधीच्या विधानावर विधान केले आहे. सोनेरी चिकटपत्राचा अर्थ 'हा चौसष्ट कमी बोलला आहे' असा होतो, आणि जुना आकडा तसाच राहतो. अनेक संग्राहक अशा नाण्याला पुढच्या प्रतीइतका, कधी त्याहूनही अधिक भाव देतात, आणि पेटी फोडण्याची गरजच उरत नाही.

थोडे गणित

भाषेच्या पुस्तिकेत गणित कशाला, असे वाटेल; पण 'शक्यता आहे' या वाक्यप्रयोगाचा अर्थ आकड्यांत मांडला नाही तर निर्णय होत नाही. पुढील रकमा केवळ समजुतीसाठी गृहीत धरल्या आहेत.

समजा, चौसष्टला २०० डॉलर मिळतात आणि पासष्टला ५००. शुल्क, विमा आणि जाण्यायेण्याचे टपाल मिळून ८० डॉलर लागतात. निर्धोक वाटेने गेल्यास मिळकत ३०० ची, खर्च ८० चा. ८० भागिले ३००, म्हणजे यशाची शक्यता चारात एक याहून थोडी अधिक असली तरच पाठवण्यात अर्थ आहे. आता पेटी फोडण्याचा मार्ग घ्या. अशी दहा नाणी पाठवली. दोन वर गेली, पाच तिथेच राहिली, दोन त्रेसष्टवर आली आणि प्रत्येकी ९० डॉलर घटले, एकाला दोषाची नोंद मिळून १४० घटले. वाढ ६०० ची. घट ३२० ची. खर्च ८०० चा. शिवाय जी पाच तिथेच राहिली, त्यांची जुनी पेटी गेल्यामुळे प्रत्येकी ३० डॉलर कमी झाले असे धरू, ते १५० झाले. एकूण तोटा ६७० डॉलर. दोन नाणी वर गेल्याची गोष्ट मात्र तो माणूस वर्षभर सांगत राहील, आणि ऐकणारा ती ऐकून आपली पेटी फोडील.

जुन्या पेटीला वेगळी किंमत का, हेही पाहू. १९८६ ते १९८९ या काळातल्या पीसीजीएसच्या लहान पेट्यांत नाणे किंचित खुळखुळत असे. म्हणून त्यांना 'रॅटलर' हे टोपणनाव पडले. आतला चौसष्ट हा कडक काळातला चौसष्ट आहे, याची ती पेटी साक्ष देते. त्यामुळे ग्राहक तिच्यासाठी अधिक मोजतो. म्हणजे 'हे नाणे कदाचित पासष्ट ठरेल' या आशेची किंमत विकणाऱ्याला न पाठवताच मिळते. आशा विकायची की निकाल विकत घ्यायचा, असा हा पर्याय आहे. माझे मत विचाराल तर बहुतेक वेळा आशा विकणे शहाणपणाचे.

एक खाच मात्र सहज नजरेतून सुटते. जुन्या पेट्यांतली नाणी कमी प्रतीची ठरवली गेली होती, हे मान्य. पण ही गोष्ट व्यापाऱ्यांना तेव्हापासूनच ठाऊक आहे. जी नाणी स्पष्टपणे वरच्या प्रतीची होती, ती त्यांनी केव्हाच फोडून पाठवली. आज जुन्या पेटीत उरलेले नाणे अनेक जाणत्या डोळ्यांखालून जाऊन उरलेले असण्याची शक्यता मोठी. एकाच कुटुंबात १९८८ पासून कपाटात पडून राहिलेले नाणे निराळे, आणि पाच दुकाने फिरून आलेले निराळे. चिठ्ठी दोघांची सारखीच दिसते. मालकाने आपल्या नाण्याचा मागचा प्रवास ठाऊक असल्यास त्याला त्याच्या प्रतीइतकेच वजन द्यावे.

संस्था आपण आजवर कोणत्या प्रतीची किती नाणी तपासली, याचे तक्ते प्रसिद्ध करतात. तेही याच कारणासाठी जपून वाचावे लागतात. एकच नाणे चार वेळा फोडून पाठवले आणि जुन्या चिठ्ठ्या परत केल्या नाहीत, तर तक्त्यात चार नाणी दिसतात. भाषिक सामग्रीत एकच वाक्य चार ठिकाणी उद्धृत झाले म्हणून त्या प्रयोगाची वारंवारता चौपट मोजण्यासारखे हे झाले.

वर्षानुसार उत्तर बदलते

आपण घेतलेले नाणे १८८१ च्या सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. त्या वर्षी तिथे १,२७,६०,००० डॉलर पाडले गेले, त्यांचा ठसाही उत्तम उठला, आणि उच्च प्रतीची नाणी विपुल उरली. त्यामुळे चौसष्ट आणि पासष्ट यांच्या भावातले अंतर माफक राहते. बहुधा शुल्कच ते खाऊन टाकते. या नाण्यासाठी माझे उत्तर स्पष्ट आहे: पाठवू नये.

याउलट १८८४ सालचा त्याच टांकसाळीचा डॉलर घ्या. ३२ लाख पाडले गेले, त्यामुळे झिजलेले नाणे सहज मिळते. पण कोरे फार दुर्मीळ. इथे अठ्ठावन्न आणि साठीच्या पुढच्या प्रती यांच्या भावात उतार नाही, कडाच आहे. १८८६ च्या न्यू ऑर्लिन्सच्या नाण्याचे तसेच: १,०७,१०,००० पाडले, तरी उच्च कोऱ्या प्रतीत हाताला लागणे कठीण. अशा ठिकाणी यशाची शक्यता पाच टक्के असली तरी हिशेब जुळू शकतो. पण कड्याच्या टोकावर परीक्षकही जपूनच पाऊल टाकतो. पुसट झीज आणि पिशवीतली घासट यांतला फरक ठरवताना त्याला हजारो डॉलर दिसत असतात. अर्थाची सीमारेषा तत्त्वतः धूसर असली तरी तिच्यावर किती लक्ष केंद्रित व्हायचे, हे तिथे किती दावावर लागले आहे यावरून ठरते.

प्रतीखेरीज आणखी दोन गोष्टी चिठ्ठीवर येऊ शकतात. आरशासारखा पृष्ठभाग असलेल्या नाण्याला तशी वेगळी उपाधी मिळते. आणि लेरॉय व्हॅन ॲलन व जॉर्ज मॅलिस या अभ्यासकांनी केलेल्या सूचीनुसार ठशाचा उपप्रकार नोंदवता येतो; त्या क्रमांकांना दोघांच्या आडनावांवरून 'व्हॅम' म्हणतात. उपप्रकार नोंदवून घेण्यासाठी प्रत पणाला लावावी लागत नाही.

एक सूचना आपल्या देशातील वाचकांसाठी. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून आलेला असा डॉलर घरात असेल, तर तो परत तिकडे तपासायला पाठवण्यापूर्वी पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा पाहावा. त्यात शंभर वा त्याहून अधिक वर्षांचे नाणे पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता वा पाठवता येत नाही. 'जुना' हे विशेषण किती धूसर, हे आपण मागे पाहिले. कायद्याने ती धूसरता एका आकड्यात कापून टाकली आहे. नव्व्याण्णव वर्षांचे नाणे आणि शंभर वर्षांचे नाणे यांत डोळ्यांना फरक दिसत नाही, कायद्याला दिसतो.

निर्णयाचा क्रम

तेव्हा संग्राहकाने आधी आपल्या वर्षाच्या आणि टांकसाळीच्या नाण्यासाठी दोन लगतच्या प्रतींच्या प्रत्यक्ष विक्रीच्या किमती पाहाव्यात. अंतर खर्चाच्या तिप्पट-चौपट नसेल तर विषय तिथेच संपतो. असेल, तर नाणे पेटीतून शक्य तितके नीट पाहावे: गाल, केस, पिसे, झळाळी. आज पासष्ट मिळालेली त्याच वर्षाची पाच-सहा नाणी शेजारी ठेवून पाहता आली तर उत्तम. एकट्या नाण्याकडे पाहून तरतमभाव होत नाही. पेटीत असताना नाण्यावर नवे ठिपके वा काळसर छटा आली आहे का, हेही पाहावे, कारण १९८८ चा निवाडा १९८८ च्या पृष्ठभागाविषयी होता. एवढे करून नाणे खरोखर सरस वाटले, तर ते आधी पेटीसकट मत देणाऱ्याकडे पाठवावे. पेटी फोडण्याची वेळ आलीच, तर ती अगदी शेवटी, आणि नाणे एक प्रत खाली आले तरी आपला संसार चालेल एवढी खात्री करून.

स्वाध्याय

१. आपल्या भागातील बाजार समितीत कांदा, द्राक्षे, कापूस किंवा गूळ यांपैकी एका मालाच्या प्रतवारीसाठी वापरले जाणारे शब्द ऐकून लिहून घ्या. त्यांतला सर्वांत खालच्या प्रतीचा शब्द कोश काय सांगतो आणि व्यापारी काय समजतो, ते दोन परिच्छेदांत लिहा.

२. परीक्षेत गुणांच्या जागी श्रेणी आल्यावर 'प्रथम वर्ग' या शब्दाच्या मूल्यात कोणता फरक पडला? सोस्यूर यांच्या संकल्पनेच्या आधारे स्पष्ट करा.